बदली झाल्यावर सुचलेलं पत्र

काल कट्ट्यावर पोलीस बदल्यांचा विषय निघाला आणि पक्याने डायरेक्ट ठोकून दिलं, "काही म्हणा, परमबीर सिंग खरा व्हिसलब्लोअर, आतला घोटाळा बाहेर काढणारा." म्हटलं कसला डोंबलाचा? १७ मार्च २०२१ ला मुंबईच्या कमिशनरपदावरून उचलून होमगार्डला टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांना पत्र, की गृहमंत्री अनिल देशमुख पोलिसांना महिन्याला १०० कोटी गोळा करायला सांगत होते. खुर्चीत होते तोवर काय दातखीळ बसली होती? देशमुखांनी आरोप फेटाळले, पण हायकोर्टाने सीबीआयला चौकशी करायला सांगितल्यावर राजीनामा गेलाच. आणि पुढे याच आरोपांच्या चौकशीला नेमलेल्या चांदीवाल आयोगापुढे परमबीर साहेब काय म्हणाले, तर माझ्याकडे आणखी पुरावा नाही!

पक्या म्हणे, "कधी बोलला ते सोड ना, काय बोलला ते बघ." हे मात्र पटलं, थोडंसं.

मग वकीलसाहेबांनी आयपीएस रश्मी शुक्लांचं काढलं. २०२० मध्ये गुप्तवार्ता विभागात असताना त्यांनी फोन टॅप करून बदल्यांच्या दलालीचा रिपोर्ट वर पाठवला, तर दलाल राहिले बाजूला आणि फोन टॅपिंगवरच सगळा राडा. "अरे पण नेत्यांचे फोन टॅप केल्याचे गुन्हे वेगळे," मी म्हटलं, "काँग्रेसच्या नाना पटोलेंचा नंबर अमजद खान अशा खोट्या नावाने टॅपिंगला लावल्याचा आरोप होता, ते काय समाजसेवा म्हणून?" ते गुन्हे २०२३ ला हायकोर्टात रद्द झाले, तोवर सरकार बदललेलं, जानेवारी २०२४ ला बाई थेट डीजीपी, म्हणजे राज्याच्या पोलीस महासंचालक. नोव्हेंबरात विधानसभेच्या तोंडावर निवडणूक आयोगाने हटवलं, निकाल लागल्यावर परत त्याच खुर्चीत. म्हणजे तुम्ही शूर की गुन्हेगार हे मंत्रालयात कोण बसलंय त्यावर. प्रकाश सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ लाच सांगितलंय, यूपीएससीच्या तीन नावांतून डीजीपी निवडा, दोन वर्षं हलवू नका, ते हेच थांबवायला ना?

काका इतका वेळ गप्प होते, हवालदार म्हणून रिटायर झालेत. म्हणाले, "अरे आयपीएसला फार तर साइड पोस्टिंग मिळतं. शिपायाने तोंड उघडलं तर खात्याची चौकशी, सस्पेन्शन, पगार अर्धा. त्याचं पत्र कोण छापतंय?"

आणि खात्याबाहेरच्याचं तर विचारूच नका. तळेगावच्या माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींनी जमिनींचे घोटाळे बाहेर काढले, धमक्या येत होत्या म्हणून पोलिसांकडे संरक्षण मागितलं होतं, जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना भोसकून मारलं त्यांना. सीबीआयने एकदा फाईल बंद केली, परत उघडली. व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ ला पास झाला पण लागूच केला नाही, कुठल्याच सरकारला घाई नाही.

पक्या तरी हटेना, "पण आपल्याला १०० कोटींचं कळलं कुणामुळे?" काका म्हणाले, "भांडणामुळे," आणि चहाचे पैसे द्यायला उठले.