सरळ वर उडणारं विमान? थांबा जरा.

गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॅरियर या लढाऊ विमानासमोर एक बाबा मुलाला सांगत होते, "हे हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उडायचं, म्हणून तर इंग्रज फॉकलंड जिंकले." फॉकलंड म्हणजे दक्षिण अटलांटिकमधली बेटं, १९८२ साली त्यांच्यावरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात युद्ध झालं. मी गप्प राहिलो. पण मनातलं इथे लिहितोच.

हॅरियर सरळ वर उडू शकायचं, हे खरं. पेगासस इंजिनाचा झोत चार नॉझलमधून, म्हणजे तोट्यांमधून, बाहेर पडतो, ती नॉझल खाली वळवली की विमान झोतावर उभं राहतं. पण पूर्ण इंधन आणि शस्त्रं घेऊन असं उठणं त्याच्या ताकदीबाहेरचं. म्हणून त्या युद्धात 'हर्मिस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या ब्रिटिश विमानवाहू नौकांवरून ती विमानं धावत जाऊन, डेकच्या टोकाशी असलेल्या चढावरून हवेत फेकली जायची. हर्मिसचा चढ होता १२ अंशांचा. वर जाताना धाव, परतताना मात्र सरळ खाली. माझ्या मते खरी किमया या उतरण्यात होती. दक्षिण अटलांटिकमध्ये डेक वरखाली हलतंय, ढग पार खाली आलेत, अशा वेळी आधी हवेत थांबायचं आणि मग टेकायचं! उलट अर्जेंटिनाच्या विमानवाहू नौकेकडे कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून वेगाने फेकणारं यंत्र होतं, तरी २ मे रोजी वारा पडला आणि बॉम्ब लादलेली स्कायहॉक विमानं उडवताच आली नाहीत.

नॉझल वळवून हवेत गिरकी मारली आणि शत्रूला चकवलं, या गोष्टी मीही लहानपणी चवीने ऐकल्यात. फॉकलंडच्या हवाई झुंजींत तसं काही घडलं नाही. सी हॅरियरनी वीसेक विमानं पाडली आणि झुंजीत स्वतःचं एकही गमावलं नाही. त्याचं श्रेय वैमानिकांच्या तयारीला, समोरूनही नेम धरू शकणाऱ्या नव्या साईडवाइंडर क्षेपणास्त्राला आणि शत्रूच्या रिकाम्या होत जाणाऱ्या टाक्यांना. अर्जेंटिनाची मिराज आणि डॅगर विमानं सहा-सातशे किलोमीटरवरून यायची, हवेत इंधन भरायची सोय नाही. लढायला मिनिटं किती उरणार?

आणि तरीही ब्रिटिशांच्या युद्धनौका 'शेफील्ड' बुडाली, 'कोव्हेंट्री' बुडाली. आकाशातून दूरवर नजर ठेवणारं रडारवालं विमान ब्रिटिशांच्या ताफ्यात नव्हतंच, आणि हॅरियर एकटं किती पुरणार? सहा सी हॅरियर गेली, त्यातली चार अपघातात. हे कौतुकाच्या भरात कुणी सांगत नाही.

त्याच हर्मिसची १९८७ मध्ये आपल्या नौदलाची 'विराट' झाली. आपली सी हॅरियर १९८३ पासूनच गोव्यातल्या दाबोळीत होती, 'व्हाइट टायगर्स' या नौदलाच्या पथकाची. त्यांच्या वाट्याला हवाई झुंज आली नाही, अपघात मात्र बरेच आले. २०१६ मध्ये ती निवृत्त झाली.

विराटचं सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात संग्रहालय करायचं ठरलं होतं, २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मंजुरीही दिली होती. २०२० मध्ये ती अलंगला भंगारात गेली. अख्खी नौका सांभाळणं जमलं नाही, ठीक. पण तो १२ अंशांचा चढ तरी कापून आणून बोगमाळोला त्या विमानापुढे ठेवायला हवा होता. म्हणजे त्या बाबांनी मुलाला काहीतरी वेगळं सांगितलं असतं.