'आमिष कोणतं लावू?' हा ओढ्यावरचा शेवटचा प्रश्न

ओढ्यावर गळ टाकायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमिष कोणतं? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. तळ्यावर किंवा मोठ्या नदीवर तो आधी आला तर एक वेळ चालेल. पण दहा-पंधरा फूट रुंदीच्या, गुडघाभर ते कंबरभर पाण्याच्या ओढ्यात मासा हुकतो तो गळ पाण्यात पडायच्या आधीच. आपण काठावर येऊन वाकून "आहेत का?" बघतो, तोवर जे होते ते कपारीत शिरलेले असतात. मग गांडूळ लावा नाहीतर आणखी काही.

माशाला बाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी एक गोल खिडकी असते असं समजा. फूटभर खोलीवरच्या माशाला ती सव्वादोन फूट रुंद असते आणि आकाश, झाडं, काठ, काठावरचा माणूस असं सगळं तिच्यातच दाटीवाटीने बसलेलं असतं. मात्र पाण्यालगतचे दहाएक अंश इतके चेपलेले आणि अंधुक असतात की तिथलं त्याला धड कळत नाही. आपल्याला लपायला जागा तेवढीच. ३० फुटांवर असाल तर पाण्याच्या पातळीपासून साधारण पाच फुटांपर्यंतचं सगळं या पट्ट्यात झाकलं जातं, १५ फुटांवर जेमतेम अडीच फूट. म्हणून जवळ जायचं तर गुडघ्यावर बसून, आणि काठ उंच असेल तर ती उंचीही हिशेबात धरून. मागे झाडझाडोरा असला तर चांगलंच. आकाशासमोर उभी राहिलेली आकृती मात्र लगेच उठून दिसते. सूर्य पाठीशी असेल तर सावली कुठे पडते तेही बघा. माणूस दिसला नाही तरी पाण्यावरून सरकलेल्या सावलीने अख्खा डोह रिकामा होतो.

गंमत अशी की आपण पोरांना "बोलू नका" म्हणून दटावतो आणि स्वतः धपाधप पाय आपटत चालतो. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो, त्यामुळे हळू गप्पा खुशाल मारा. पावलांची धमक मात्र जमिनीतून थेट पाण्यात उतरते, आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा असलीच मंद कंपनं टिपायला असते. पोखरलेल्या मऊ काठावर हा धोका सगळ्यात जास्त, कारण बरेचदा मासा नेमका आपल्या पायाखालच्या पोकळीत असतो.

मासा प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून आपण खालच्या अंगाने वर सरकत जायचं. डोह दिसला की मधोमध गळ टाकायचा मोह आवरा. पहिला टप्पा डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी उथळ होऊन बाहेर पडतं. लागलेला मासा लगेच खालच्या बाजूला ओढून घ्या, म्हणजे वरचे बिथरत नाहीत. मग वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामधली कड, आणि सगळ्यात शेवटी डोहाचं तोंड, जिथे खळाळ आत पडतो. मासा संथ बाजूला उभा राहून धारेतून वाहत येणारं उचलतो. मेहनत कमी, खाणं जास्त.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. सहा-सात फुटांची हलकी काठी, छोटं रील, चार पौंडांच्या ताणाला तुटणारा नायलॉनचा दोरा, ८ ते १२ नंबरचे गळ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), बारीक फ्लोट (दोऱ्याला अडकवलेली, पाण्यावर तरंगणारी खूण). रीलचा ब्रेक दोरा जेवढ्याला तुटतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा. चार पौंडाला अंदाजे ४५० ते ६०० ग्रॅम. अंदाजाने नको, ताणकाट्याला बांधून ओढून बघा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. "मोठा मासा तोडून गेला" या बातम्यांमध्ये कोरड्या गाठींचा वाटा फार मोठा असावा, असा मला दाट संशय आहे.

खरं कौशल्य आमिष तळाला नेणाऱ्या वजनात, म्हणजे दोऱ्यावर दाबून बसवायच्या बारीक गोळ्यांत आहे. तळाशी दगडांच्या घर्षणाने पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं. वजन कमी पडलं की वेगाने जाणारा फ्लोट आमिषाला ओढत नेतो. आमिष तळ सोडून वर येतं, भलत्याच वेगाने पळतं आणि मासा ते सोडून देतो. हे ओळखायचं कसं? फ्लोटशेजारून वाहणारा फेसाचा बुडबुडा बघा. फ्लोट त्याच्या बरोबरीने पळतोय म्हणजे वजन कमी. गळापासून १५-२० सेंटीमीटर वर आणखी एक बारीक गोळी दाबा. फ्लोट बुडबुड्याच्या थोडा मागे पडत, मधूनच अडखळल्यासारखा चालला की आमिष तळालगत आहे. दर फेकीला अडकायला लागला तर एक गोळी काढा. एवढं करूनही फ्लोट तिरका ओढला जात असेल, तर मधला दोरा वेगवान धारेवर पडून पोट काढतोय. काठीचं टोक उंच धरून दोरा पाण्याबाहेर ठेवा. गोळ्या शिशाच्या नसलेल्याच घ्या. शिशाने हंस मरतात म्हणून ब्रिटनने १९८७ मध्येच बहुतेक आकारांच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली.

आता आमिष. गांडूळ. अख्खं नको, अर्धं. मध्यातून एकदा टोचून दोन्ही टोकं मोकळी वळवळू द्या. संपला विषय.

ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी सरळ गळ गुंडाळा. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. अशा पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडला तरी तो जगेलच असं नाही. सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट करून ठेवा, हात ओले करा (कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो), आणि तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात धरा. तो स्वतः शेपूट मारेपर्यंत. गळ पोटात गेला असेल तर उपसू नका. दोरा तोंडालगत कापा. ओढून काढण्यापेक्षा यात त्याची जगण्याची शक्यता जास्त असते. कापलेला नायलॉन खिशात, कारण काठावर टाकला की पाखरांच्या पायात अडकतो.

दुसरी एक गोष्ट ओढ्यावर विसरून चालत नाही. डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, तर सामान आवरत बसू नका, आधी वर चढा. आणि काठी कार्बनची असेल तर विजेच्या तारांखाली ती उभी धरू नका; कार्बनमधून वीज वाहते.

संध्याकाळी, प्रकाश विझत आला की दिवसभर कपारीत दडलेले मोठे मासे घोटाभर पाण्यात चरायला येतात. नेमक्या त्याच पाण्यातून आपण "खोल जागा गाठू" म्हणत चालत जातो. त्या वेळी बूट कोरडेच ठेवा. काठापासून चार पावलं मागे बसा आणि पहिला गळ अगदी कडेला, गवताच्या पात्यांना लागून टाका.