‘जगातला सर्वात मोठा युरेनियम साठा आंध्रात’: फिरत्या मजकुराचा हिशोब

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. त्याचा गाभा असा: आंध्रातल्या तुम्मलपल्लीत जगातला सर्वात मोठा युरेनियम साठा सापडलाय, दीड लाख टन, त्यावर देशाला हजार वर्षं वीज मिळेल, तरी आपण बाहेरून युरेनियम विकत घेतो, कारण परकीय पैशावर जगणारे लोक खाण होऊ देत नाहीत, आणि असंच घबाड सह्याद्रीतही आहे, फक्त ते दडवून ठेवलंय. धादांत खोटं म्हणून हे झटकता आलं असतं तर बरं झालं असतं. पण यातला एक आकडा खरा आहे आणि सगळी इमारत त्याच्यावरच उभी आहे.

तो आकडा आला जुलै २०११ मध्ये. राजस्थानात रावतभाटा इथे नव्या अणुभट्टीच्या बांधकामाच्या कार्यक्रमात अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकुमार बॅनर्जी म्हणाले की तुम्मलपल्लीत ४९ हजार टन नक्की झालंय आणि ते तिपटीपर्यंत जाऊ शकतं. ‘शकतं’ हा शब्द बातम्यांच्या मथळ्यांत गळाला, ‘जगातला सर्वात मोठा’ तेवढा उरला. बॅनर्जींचा अंदाज फुकाचा नव्हता, हेही सांगायला हवं. आज आंध्रचा अधिकृत आकडा दीड लाख टनांच्या पुढे गेलाय.

पण ‘सर्वात मोठा’? दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅम या एकाच ठिकाणी वीस लाख टनांहून जास्त युरेनियम आहे. मुद्दा इथेच संपतो.

‘सापडला’ हेही तितकंसं बरोबर नाही. कडप्पा खोऱ्यातल्या या पट्ट्याची अणुखनिज संचालनालयाला १९८० च्या दशकापासून माहिती होती. प्रकल्पाला मंजुरी मिळाली २००७ मध्ये. मधली वर्षं कुणी झोपलेलं नव्हतं, अडचण खडकाची होती.

युरेनियम इथे डोलोमाइटमध्ये आहे. म्हणजे चुनखडीच्याच जातीचा खडक, आणि त्यात युरेनियमचे कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाहीत. झारखंडच्या जादुगुड्यात खडक दळून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये घोळवला की युरेनियम विरघळून बाहेर येतं. तीच रीत इथे लावली तर काय होईल, हे पाहायला प्रयोगशाळा नको. घरातल्या शहाबादी फरशीवर ॲसिडचे चार थेंब पडले की ती फसफसते आणि तिथे कायमचा पांढरा डाग राहतो. ॲसिड दगडच खाऊन संपतं. डोलोमाइटचं तेच होतं: टनावारी ॲसिड ओतायचं आणि ते युरेनियमपर्यंत पोचायच्या आधीच खलास. म्हणून तुम्मलपल्लीत सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटचं द्रावण, सव्वाशे अंशांच्या आसपास तापमान, दाब आणि ऑक्सिजन असा घाट घालावा लागला. असा कारखाना देशात पहिलाच. (शहाबादी दगड ज्या भीमा खोऱ्यातला, त्याच खोऱ्यात यादगीर जिल्ह्यातल्या गोगी इथे युरेनियम सापडलंय. म्हणून कुणी फरशी उखडायला घेऊ नये, तिच्यात काही नाही.)

आता प्रतीकडे, म्हणजे दगडात युरेनियमचं प्रमाण किती त्याकडे येऊ. साठा किती टन, हे सगळे विचारतात. टनामागे किती ग्रॅम, हे कुणी विचारत नाही. कॅनडात सस्कॅचवान प्रांतातल्या सिगार लेक खाणीत शंभर किलो दगडात पंधरा किलोच्या आसपास युरेनियम ऑक्साइड निघतं. तुम्मलपल्लीत शंभर किलोत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. म्हणजे दीड लाख टन हातात यायचे तर साधारण साडेसदतीस कोटी टन दगड जमिनीखालून काढून दळायला हवा. तिथल्या कारखान्याची क्षमता आहे रोज ३,००० टन. वर्षाला तीनशे दिवस चालला तर नऊ लाख टन. करा भागाकार. चारशे वर्षांच्या वर.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. नामिबियातल्या रोसिंगची प्रत याहूनही हलकी आहे, तरी ती खाण १९७६ पासून चालू आहे. ऑलिम्पिक डॅमचीही प्रत हलकीच. खरंय. पण रोसिंग ही उघडी खाण आहे, वरून ओरबाडायची. ऑलिम्पिक डॅममध्ये खर्च भरून काढतं तांबं, युरेनियम त्याच्या मागोमाग येतं. तुम्मलपल्लीत सोबतीला विकण्याजोगं असं काही नाही. दोन थर आहेत, जाडी प्रत्येकी दोनेक मीटर, आणि ते तिरके खाली उतरत जातात. माणसं आणि यंत्रं त्या उतारावर खाली न्यायची. नुसती टक्केवारी पाहून खाण परवडते की नाही हे सांगता येत नाही, आणि नुसते टन पाहून तर मुळीच नाही.

हजार वर्षं वीज? ७०० मेगावॉटच्या आपल्या एका जडपाणी भट्टीला (साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरणारी अणुभट्टी) वर्षाकाठी शंभर टनांच्या आगेमागे युरेनियम लागतं. साठ्याचा आकडा ऑक्साइडचा असतो; त्या दीड लाख टनांमधून, प्रक्रियेतली गळती धरून, हाती येईल साधारण ९५ हजार टन धातू. एकच भट्टी चालवली तर साडेनऊशे वर्षं जातील. बहुधा ‘हजार वर्षं’ इथूनच आली असावीत. पण सरकारने २०४७ साठी ठेवलेलं उद्दिष्ट एक लाख मेगावॉटचं आहे. तेवढ्या सगळ्या भट्ट्या अशाच असल्या तर हा साठा सात वर्षांतच आटोपेल. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढून ब्रीडर भट्ट्यांत, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्यांत घातलं तर हिशोब खूप लांबतो, पण मजकुरात त्याचा उल्लेख नाही.

आयातीचं कारण निम्मं पैशाचं आहे. कझाकस्तानात वालुकाश्मात बोअर मारून द्रावण खाली सोडतात आणि युरेनियम विरघळवून वर खेचतात. खोदायचं नाही, दळायचं नाही. त्याच्याशी दरात बरोबरी करणं आपल्या खाणींना जमण्यासारखं नाही. उरलेलं निम्मं कारण अमेरिकेशी झालेल्या २००८ च्या अणुकराराचं. आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांत आयात इंधन घालता येतं. देखरेखीबाहेरच्यांना घरचंच लागतं. त्या सुमारास घरचं पुरत नव्हतं म्हणून भट्ट्या निम्म्या क्षमतेवर रखडत होत्या.

‘खाण होऊ देत नाहीत’ म्हणावं तर तुम्मलपल्लीची खाण आणि कारखाना दोन्ही चालू आहेत. अडली आहेत ती दुसरी ठिकाणं. मेघालयातल्या खासी टेकड्यांत स्थानिक संघटनांचा जुना विरोध आहे. नल्लमलाच्या जंगलात युरेनियम खाण नको, असा ठराव सप्टेंबर २०१९ मध्ये केला तो तेलंगणच्या विधानसभेने. आता विधानसभेलाही परकीय पैसा मिळतो का, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं. आणि तुम्मलपल्लीच्या आसपासचे शेतकरी तक्रार करतात ती कारखान्याचा गाळ साठवलेल्या तळ्यापासून विहिरींचं पाणी बिघडण्याची. ही तक्रार पाणी तपासून निकालात काढायची असते, परकीय पैशाचा शिक्का मारून नव्हे.

राहिला सह्याद्री. दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, युरेनियमच्या बाबतीत फार गरीब: दहा लाखांत जेमतेम एक भाग, बहुधा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये तीन ते पाच भाग असतात. कातळाखाली काय आहे, हा प्रश्न मात्र खरा आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेला आणि सिंधुदुर्गात या कातळाच्या, म्हणजे ट्रॅपच्या, खालचे कलादगी खोऱ्याचे जुने खडक डोकावतात, आणि त्याच खोऱ्यात बेळगावजवळ देशनूरला युरेनियमचा शोध झालाय. पण घाटात ट्रॅपची जाडी ठिकठिकाणी किलोमीटरच्या वर, आणि युरेनियमचा माग ज्यांवरून विमानातून काढतात ते गॅमा किरण अर्ध्या मीटर दगडातच अडतात. वरून विमान फिरवून इथे काही कळत नाही, बोअरच मारावी लागते.

महाराष्ट्राच्या नावावर संसदेतल्या उत्तरांत जो आकडा दिसतो तो दडवलेलाही नाही आणि मोठाही नाही: साडेतीनशे टनांच्या आसपास. सगळाच्या सगळा हाती लागला, तरी तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या एका भट्टीची तीन-चार वर्षं निघतील.