कंबर आमची, टेबल कंपनीचं

कारखान्यात कुणाची कंबर धरली की पहिला प्रश्न ठरलेला: "उचलताना गुडघे वाकवले होतेस का?" भिंतीवरच्या पोस्टरवरही तेच चित्र. आणि बाई असेल तर लगेच पुढचं, "घरी पाणी भरता, धुणं धुता, त्यानं असेल." पॅकिंग विभागात इतकी वर्षं काढल्यावर आज हे लिहितेच. दोष आमच्या गुडघ्यांचा नाही आणि आमच्या घरकामाचाही नाही. टेबलाची उंची, गोणीचं वजन आणि शिफ्टचं टार्गेट ज्यांनी ठरवलं, जबाबदारी त्यांची आहे.

गोव्यात कुंडई, मडकई, वेर्णा, पिळर्ण, तुये, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. डिचोली-सत्तरी-पेडण्याची माणसं, दोडामार्ग-बांद्याहून रोज येणारी मुलं. खणून ठेवलेल्या रस्त्यांवरून दुचाकीचे नाहीतर बसचे हादरे खात यायचं (हे हादरेही कंबरेला घातकच), मग आठ तास उभं राहायचं, आणि चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की वर ओव्हरटाइम.

वजनाचं बघा. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९९१ साली वजन उचलण्याचं आपलं सूत्र सुधारलं. त्यात सगळं अगदी मनासारखं असेल, म्हणजे वजन अंगालगत, साधारण कंबरेच्या उंचीवर, वळावं लागत नाही, उचलायचं कधीमधीच, तर मर्यादा आहे २३ किलो. तेच वजन घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे धरावं लागलं तर मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. जमिनीवरून उचललं, अंग पिळलं, मिनिटाला दोन-तीनदा उचललं, तर ती आणखी उतरते. आता आमच्या लोडिंगच्या मुलाकडे बघा. २५ किलोची गोणी, पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) पलीकडच्या कोपऱ्यातली, खालच्या थरातली, आणि ठेवायची पाठीमागे वळून. गुडघे कितीही वाकवले तरी हात पुढे ताणावेच लागतात. काही ठिकाणी तर गोणी ५० किलोची येते.

आमच्या लाइनवरची टेबलं एकाच मापाची. उंच मुलं दिवसभर पोक काढून, बुटक्या बायका खांदे उचलून. शेवटी मेंटेनन्सच्या एका भल्या फिटरनं भंगारातल्या चौकोनी पाइपचे तुकडे दोन टेबलांच्या पायांना वेल्डिंग करून दिले. बुटक्यांसाठी पायाखाली फळ्यांचा चौथरा केला. भरायच्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेटं टाकली, म्हणजे खालच्या थरासाठी जमिनीपर्यंत वाकायला नको. अर्ध्या शिफ्टचं काम. संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून उभी राहणारी माझी शेजारीण त्या आठवड्यात म्हणाली, "आयज पेंकट बरें आसा." (आज कंबर बरी आहे.) एवढ्यासाठी कुणाची परवानगी लागावी, याचाच मला राग येतो.

कंपनी काय करते? कंबरेला बांधायचे पट्टे वाटते. पट्टा बांधल्यानं धडधाकट कामगाराची इजा टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशनं १९९४ सालीच सांगितलंय. पट्ट्यावरचा खर्च टेबलांवर करा.

उसण भरल्यावरचा घोळ वेगळाच. घरचे सांगतात, महिनाभर झोपून राहा. डॉक्टरांचा आजचा सल्ला उलटा आहे: जमेल तेवढं हिंडत-फिरत राहा, बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं, प्रत्येकाला एमआरआय लागत नाही. पण लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळे पडायला लागले, तर एक तासही न दवडता बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा. बरं होताना हलकं काम मिळणं फार मोलाचं असतं, आणि तेच मिळत नाही. "पूर्ण फिट होऊन ये" म्हणतात. कंत्राटी पोराचा तोवर गेटपासच बंद होतो. म्हणून तो गोळी खाऊन गोणी उचलत राहतो.

कायद्यात काहीच नव्हतं असं नाही. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४मध्ये इजा होईल इतकं वजन उचलायला लावू नये असं होतं, कलम ४४मध्ये उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी लागू झालेल्या कामगार सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेतही बसायची सोय आहे. आमच्या लाइनवर मात्र स्टूल दिसला की सुपरवायझर तो उचलून नेतो. जुन्या कायद्यात सरकारला कळवायच्या २९ व्यावसायिक रोगांची यादी होती. त्यात कंबरदुखी नव्हती. मग मोजणार कोण?

ईएसआयचंही (कामगार राज्य विमा योजनेचं) समजून घ्या. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावर झालेली इजा म्हणून मान्य झाली तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी ९० टक्के. गोणी उचलताना चमक भरली तर त्याच शिफ्टमध्ये अपघाताच्या वहीत नोंद करायला लावा, सोबत्याचं नाव साक्षीदार म्हणून घाला. "उद्या बघू" म्हटलं की ते घरचं दुखणं ठरतं.

आणि पणजीत आल्तिनोच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयातल्या साहेबांना विनंती: तपासणीला याल तेव्हा अग्निशामक सिलिंडरावरची तारीख बघता तसे पॅकिंग लाइनवरचे स्टूलही मोजा. गोणीवर छापलेलं वजन वाचा. आणि मॅनेजरला जरा बाजूला ठेवून आमच्याशी बोला.