लाड कुणाचे झाले?

शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच वाद. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका वर्गमित्रानं लिहिलं, “कोविडमध्ये हप्ते थांबवले, दिवाळखोरीच्या केसेस थांबवल्या, तेव्हापासून छोटा व्यापारी लाडावलाय. युरोपात असले लाड नव्हते.” खाली आठ-दहा अंगठे. मग माझ्याकडे वळून, “तू तिकडंच होतास ना, सांग की यांना.”

सांगतो. मी कार्डिफमध्ये छोट्या धंद्यांचे हिशेब सांभाळतो. एप्रिल २०२०पासून कितीतरी महिने माझं मुख्य काम एकच होतं, फर्लोचे क्लेम भरणं, म्हणजे धंदा बंद असताना घरी बसवलेल्या कामगारांचा पगार सरकारकडून मागणं. केशकर्तनालय, पब, पाळणाघर चालवणारी बाई. पगाराच्या ८० टक्के, माणशी महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, आणि क्लेम टाकला की कामाच्या सहा दिवसांत पैसे खात्यात. भाडं थकलं तरी २५ मार्च २०२२पर्यंत मालकाला त्यासाठी गाळ्याला कुलूप लावता येत नव्हतं. छोट्या धंद्यांसाठीचं कोविड कर्ज, बाउन्स बॅक लोन, ५०,००० पौंडांपर्यंत, अडीच टक्क्यांनी, पहिल्या वर्षाचं व्याज सरकारनं भरलेलं, हमीही पूर्ण सरकारची. त्यात फसवणूक झाली, पैसे बुडाले, ते मी लपवत नाही. पण लाड म्हणायचे तर हे लाड होते. युरोपचं नाव घेऊन दादासारख्यांना झोडपू नका.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सांगलीत मारुती रोडला त्याचं भांड्यांचं दुकान होतं, भाड्याच्या गाळ्यात. ग्रुपवर ज्यांना लाड म्हणतात, त्यातलं त्याच्या वाट्याला काय आलं, ते मी एकदा कागदावर मांडलं.

हप्ते थांबले, पण दादाला हप्ताच नव्हता. आमच्या वडिलांनी कधी कर्ज काढलं नाही आणि दादानंही नाही. ज्यांचे थांबले त्यांचं व्याजही चालूच होतं. मार्च २०२१मध्ये सुप्रीम कोर्टानं फक्त व्याजावरचं व्याज घेऊ नका म्हणून सांगितलं. मग तीन लाख कोटींची विनातारण कर्जाची योजना आली. तिच्यात आधीच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के नवं कर्ज मिळणार. आधीचं कर्ज शून्य, म्हणून दादाला शून्य. हात न पसरणाऱ्याला योजनेत जागाच नव्हती.

दिवाळखोरीच्या केसेस थांबल्या त्या कंपन्यांवरच्या. दादाच्या एकट्याच्या नावावरच्या दुकानाला तो कायदा लागूच नव्हता. उलट त्याचा फटका बसला. एका खासगी कंपनीच्या कॅन्टीनला त्यानं भांडी पुरवली होती, सात लाख येणं होतं. आधी १ लाखाच्या थकबाकीवरही कंपनीविरुद्ध दिवाळखोरीच्या ट्रिब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, जाता यायचं. २४ मार्च २०२०ला ती मर्यादा १ कोटी झाली. शिवाय त्या वर्षभरात जी थकबाकी झाली तिच्यासाठी पुढेही कधीच अर्ज करता येणार नाही, असं कलम आलं. वकील म्हणाले, दिवाणी दावा लावा. म्हणजे मोठ्या देणेकऱ्याला ढाल मिळाली आणि छोटा घेणेकरी उघड्यावर राहिला. लाड नक्की कुणाचे झाले?

भाड्याचं तर बोलूच नका. दुकानं बंद करायला १८९७चा, प्लेगच्या वेळचा कायदा लगेच सापडला, २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही सापडला. बंद दुकानाच्या भाड्यासाठी मात्र १८७२च्या करार कायद्याची पानं उलटायची. दिल्लीत खान मार्केटमधल्या एका भाडेकरूनं मे २०२०मध्ये हायकोर्टात ते करून पाहिलं. त्याला भाडं माफ झालं नाही, फक्त थोडी मुदत मिळाली.

ऑक्टोबर २०२०मध्ये आमच्या वेल्समध्ये सतरा दिवसांचा फायरब्रेक, म्हणजे छोटा लॉकडाऊन होता. दुधासाठी सुपरमार्केटमध्ये गेलो तर किटल्या, पातेली, तवे असलेल्या सगळ्या रॅकवर प्लॅस्टिक ताणून चिकटपट्ट्या मारलेल्या. आतली पातेली दिसत होती, पण घेता येत नव्हती. छोट्या दुकानांना भांडी विकायची बंदी आहे तर मोठ्यांनीही विकायची नाहीत, असा सरकारचा नियम. लोक चिडले, त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. मी मात्र तिथं उभा राहून फोटो काढला आणि दादाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “म्हणजे तिकडं दुकानदाराचा विचार करतंय म्हणायचं कुणीतरी.”

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले. किराणा सकाळी ७ ते ११, भांडी बंद. सलग दुसरी लग्नसराई गेली. त्या मे महिन्यात दादाचा फोन आला. गाळ्याचे मालक रोज येऊन बसतात म्हणाला. मी दिवसभर लोकांचे क्लेम भरून दमलो होतो. म्हणालो, “दादा, हट्ट सोड. चालत नसेल तर बंद करून टाक. जग ऑनलाइन गेलं.” तो नुसता “बरं” म्हणाला. ग्रुपवरचा मित्र आज जे बोलतो, तेच मी तेव्हा बोललो होतो, आणि तेसुद्धा सख्ख्या भावाशी. म्हणूनच त्याचं वाक्य मला इतकं लागतं.

जुलैत कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं, २०१९नंतर पुन्हा. दादानं गाळा सोडला. दिवाळीला मी गेलो तेव्हा भांड्यांवर नाव घालायचं मशीन त्यानं स्वयंपाकघराच्या माळ्यावरून काढलं, पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “तू घेऊन जातोस का? इथं नुसतं पडून राहील.” कार्डिफला निघताना माझ्या स्टीलच्या डब्यावर त्यानं त्याच मशीननं माझं नाव आणि खाली ‘सांगली’ घातलं होतं. तो डबा अजून माझ्या ओट्यावर असतो.

मी बॅगेच्या वजनाचं कारण सांगितलं. त्यानं मशीन पुन्हा कापडात गुंडाळलं.