ओठ हलले म्हणून

"परीक्षार्थीचे ओठ हलताना आढळले."

हे वाक्य रविवारपासून किती वेळा वाचलं त्याचा हिशोब नाही. ओठ हलवून वाचलं, घट्ट मिटून वाचलं, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. दर वेळी डोकं तेवढंच फिरतं. अहो, परीक्षा कशाची होती? वाचायला कसं शिकवावं याची! ऑनलाइन एम.ए.चं दुसरं सेमिस्टर, पेपर तिसरा, घरी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर, पहाऱ्याला मशीन. आणि माझ्यावर आरोप काय, तर बाई वाचताना सापडल्या.

तसे आरोप तीन आहेत. खोलीत दुसरा चेहरा, पार्श्वभूमीला सततचा आवाज आणि ओठांची हालचाल, एकूण १७ वेळा. सतरा! मोजलेत मेल्यांनी.

दुसरा चेहरा म्हणजे आमचे मामंजी. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. चंदनाचा हार घालून भिंतीवर बसलेत. पेपरच्या आधी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून सगळी खोली फिरवून दाखवली होती मी. पलंगाखाली, कपाटामागे, केस मागे सारून दोन्ही कानसुद्धा. लग्नाच्या वेळी बघायला आले तेव्हा एवढं दाखवलं नव्हतं. पेपरच्या आधी मामंजींचा फोटो चालला, आणि चाळिसाव्या मिनिटाला माझ्या थोबाडाभोवतीची हिरवी चौकट लाल झाली: एकापेक्षा जास्त व्यक्ती. मामंजी जन्मभर मागावर बसले, शाळा चौथीपर्यंत. ते मला भिंतीवरून फोनेमिक अवेअरनेसची, म्हणजे शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्याची, उत्तरं सांगणार होते काय?

आवाजाचं म्हणाल तर मी बेळगावच्या वडगावात राहते. ज्याला वडगाव माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. भिंतीला भिंत लागून शेजारी चार यंत्रमाग. मला तो आवाज आता ऐकूच येत नाही, उलट थांबला की दचकायला होतं. शांतता पाहिजे तर करंट जायला पाहिजे. करंट गेला की माग बंद, पण राउटरही बंद. इन्व्हर्टरचे पैसे फीत गेले. म्हणजे परीक्षा देता येते तेव्हा खटखट असणारच, आणि खटखट नसते तेव्हा परीक्षाच नसते. हे सगळं मी हेल्पडेस्कला समजावून लिहिलं, इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. उत्तर आलं, "प्रिय विद्यार्थी, कृपया शांत खोली निवडावी." निवडावी! बारा बाय दहाच्या दोन खोल्या आहेत बाबा. एकीत माग ऐकू येतो, दुसरीत माग आणि कुकर.

खरा कहर आज झाला. सकाळी मेल आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. मी शाळेच्या व्हरांड्यात, हातात अंड्यांचा ट्रे, पोरं रांगेत. ट्रे खाली ठेवून आनंदाने उघडलं. निकाल राखीव. फेरपरीक्षा शुल्क १५०० रुपये. खाली पाच चांदण्या, आमच्या सेवेला किती गुण द्याल? एक चांदणी दाबली तर म्हणे कारण किमान १०० अक्षरांत लिहा. लिहिलं हो, चारशे अक्षरांत लिहिलं, काना-मात्रा वेलांटीसकट. सबमिट दाबलं तर सेशन संपलं होतं. तेवढ्यात रांगेतल्या एकाने दुसऱ्याच्या शर्टावर अंडं फोडलं आणि मी त्याच्यावर जी काही ओरडले ती त्याच्यासाठी नव्हती.

या लोकांचं पहिल्यापासून असंच आहे. प्रवेशाच्या वेळी माझ्या टीसीएचच्या, म्हणजे शिक्षिकेच्या कोर्सच्या, सर्टिफिकेटवर बेळगाम, आधारवर बेळगावी. मग आला निरोप, दोन्ही गावं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. अहो, १ नोव्हेंबर २०१४ला सरकारने नाव बदललं, ते मी बदललेलं नाही. हे गाव कुणाचं यावर १९५६पासून भांडण चालू आहे, महाजन आयोग येऊन गेला, २००४पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, आणि तुम्ही म्हणता बाँडवर लिहून द्या, बाई, तुमचं गाव नक्की कुठलं! नोटरी पण हसला. तीनशे रुपये घेतले, पण हसला.

अभ्यासक्रमाचं तर नावच काढू नका. पहिलं सेमिस्टर कॅट, बॅट, मॅट यात गेलं. आठवड्याला एक अक्षर शिकवा म्हणे. सव्वीस अक्षरं असलेल्यांना ठीक आहे. माझ्या पोरांना बाराखडी, जोडाक्षरं, रफार, 'चमचा'तला च वेगळा आणि 'चिमणी'तला वेगळा. शिवाय कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली लिहायची जोडाक्षरं, तिथे ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा. वर एबीसीडी, तीही मोठी आणि लहान. तीन लिप्या, आणि वय वर्षं आठ! कन्नड शिकणाऱ्या मुलांची अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंत आणि त्याच्याही पुढे वेळ लागतो, हे संशोधक सोनाली नाग यांनी २००७मध्येच दाखवलंय. अख्ख्या पदवीत आमच्याबद्दलचं तेवढं एकच, आणि ते ऐच्छिक वाचनात टाकलंय. ऐच्छिक!

गेल्या महिन्यात असाइनमेंट होती. मूल वाचत असताना शब्दाशब्दाला खूण करायची, बरोबरला बरोबर, चुकीला चूक. माझ्या तिसरीतल्या एकाने "मुलगा आंबा खात आहे" हे वाक्य असं वाचलं: "पोरगा आंबा खाऊलालाय." त्यांच्या तक्त्याप्रमाणे चार शब्दांत तीन चुका. माझ्या मते त्या पोराने वाक्य वाचलं, गिळलं, पचवलं आणि घरच्या ताटात वाढून दिलं. याहून जास्त समजणं म्हणजे काय असतं? तसं दोन पानं भरून लिहिलं. दहापैकी सहा. शेरा, "प्रमाणभाषेचा आग्रह धरावा." तो शेरा देणाऱ्या सरांना एकदा खानापूरकडच्या बसमध्ये उभं करावं आणि कंडक्टरकडे प्रमाणभाषेत तिकीट मागायला लावावं.

असो. ओठांवर येते.

प्रश्न होता १९८६च्या गफ आणि टनमर यांच्या सूत्रावर. वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, त्यामुळे एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. हे मला कुणी शिकवायला नको. माझी पोरं कन्नडचा धडा घडाघडा म्हणतात आणि अर्थ विचारला की छताकडे बघतात. हे मी झोपेतही लिहिलं असतं. पण प्रश्न विचारायच्या आधी त्यांनी ३४० शब्दांचा इंग्रजी उतारा लावला होता, एकेक वाक्य चार-चार ओळींचं. मराठी माध्यमात शिकलेली बाई मी. पुटपुटल्याशिवाय असलं काही माझ्या टाळक्यात शिरत नाही. आणि मजकूर अवघड झाला की मोठी माणसंही पुटपुटतात, हे त्यांच्याच युनिट दोनमध्ये आहे! म्हणजे यांचंच शिकलेलं मी यांच्याच परीक्षेत करून दाखवलं, तर ती कॉपी.

रात्री राग येऊन तोच उतारा पुन्हा काढला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. नऊ मिनिटं. भागाकार केला, मिनिटाला ३८ शब्द. सरकारच्या निपुण भारत मोहिमेची तिसरीची अपेक्षा किमान ६० शब्दांची, दुसरीची ४५ ते ६०. म्हणजे मी दुसरीतही बसत नाही. हे बघून 'अहो' इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाई, पालकांना बोलावून घ्या," म्हणाले.

आणि त्यानंतर जे आठवलं ते न आठवतं तर बरं झालं असतं. गेली एकोणीस वर्षं मी वर्गात काय बोलते? "ओठ कशाला हलवूलालास रे? मनात वाच." पट्टी आपटून बोलते. खिडकीपाशी बसतो तो एक, बोट शब्दाखाली, ओठ सारखे हलतात, वाचून झालं की मान वर करून माझ्याकडे बघतो. शुक्रवारीच त्याला म्हटलं होतं, काय मंत्र म्हणूलालास काय. लाल चौकट तेवढी दाखवली नाही. आज दुपारी तो तसाच वाचत होता. मी पट्टी कपाटात टाकली आणि फळा पुसत बसले, फळा स्वच्छ होता तरी.

म्हणून राग गेला असं नाही. राग आहेच. आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तर खाली सात हात जोडलेले आले, दोन गुलाब, आणि एका मॅडमचं "पॉझिटिव्ह राहा डिअर". या मॅडम प्रत्येक ऑनलाइन तासाला पहिली दहा मिनिटं "माझा आवाज येतोय काय?" विचारण्यात घालवतात. येतोय, बाई. सगळ्यांना येतोय. त्यांच्या आवाजाबद्दल मात्र कधी कुणाला मेल आला नाही. वर माहेरचे फोन. "एवढं शिकूलालीस, पगार वाढतोय काय?" नाही वाढत. मग कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चार-चार ओळींच्या वाक्यांचं आहे.

१५०० रुपये भरलेत. पुढच्या रविवारी फेरपरीक्षा. शेजारच्यांना सांगून आले, दोन तास माग बंद ठेवतो म्हणाले, पण सणाची ऑर्डर आहे तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितलाय. ओठांवर चिकटपट्टी लावावी म्हटलं तर तोंड झाकल्याचा चौथा आरोप येईल. राहिला फोटो. काल स्टुलावर चढले तो काढायला, तर सासूबाई दारात उभ्या.

"त्यांस्नी उतरवूलालीस काय?"

सगळं सांगितलं. मशीनला वाटतंय मामंजी मला उत्तरं सांगूलालेत म्हणून.

त्या फोटोकडे बघत बसल्या थोडा वेळ. मग म्हणाल्या, "असू दे तिथंच. मी सांगतो त्यांस्नी, दोन तास डोळे मिटून बसा म्हणून."