कोकणात किलोमीटर नका मोजू, जेट्ट्या मोजा

आपल्या नाशकात सायकलवाल्यांची काय कमी नाही. महाजन बंधूंनी २०१५ मधे अमेरिका आरपार जाणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून तर अजूनच जोर, वर पंढरपूरची सायकल वारी आहेच. पण याच तयारीच्या जोरावर लोक कोकण किनारा करायला जातात, आल्यावर ग्रुपवर स्ट्रावाचे (किलोमीटर मोजणारं अॅप) स्क्रीनशॉट टाकतात, आणि बाणकोटचा किल्ला बघितला का विचारलं की म्हणतात, नाही रे, वेळच नव्हता. अरे मग गेलास कशाला, तेवढे किलोमीटर शिर्डीच्या फेऱ्या मारून पण झाले असते!

रेवस ते रेड्डी रस्ता नकाशात कसा समुद्राला चिकटून जाताना दिसतो. प्रत्यक्षात चढ, डोंगराचं टोक, तिथे किल्ला, मग सुसाट उतार, खाली खाडी आणि जेट्टी, बोटीतून पलीकडे गेलं की परत चढ. कसारा चढणाऱ्यांना वाटतं हे काय चढ आहेत, पण छोटे असले तरी उभे असतात, संपतच नाहीत, आणि घाम तर विचारू नका.

आता किल्ला नेमका तिथेच का? कारण पूर्वी माल खाडीतून होड्यांनी आत जायचा. दाभोळला उतरलेला माल वाशिष्ठीतून चिपळूणला आणि तिथून कुंभार्ली घाटाने देशावर. म्हणजे खाडीचं तोंड ज्याच्या हातात, जकात त्याची. कुंडलिकेवर कोर्लई, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, वाघोटणवर विजयदुर्ग. कारमधून जाणाऱ्याला हे नुसते बोर्ड दिसतात, सायकलवर मात्र मांड्यांना बरोबर समजतं की आता खाडी आली.

कोर्लई गावात चहाला थांबा आणि कान उघडे ठेवा, तिथले काही लोक घरात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. हर्णैला सुवर्णदुर्ग बघताना माझी जरा चिडचिडच होते. १७५५ ला इंग्रजांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पुढच्याच वर्षी विजयदुर्गला आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि या सगळ्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने! दर्यावर दरारा असलेलं आपलंच आरमार आपणच बुडवायला मदत केली, याच्यावर कितीही वाद घाला, मला काही ते पटत नाही. बाणकोट पण त्याच सुमारास इंग्रजांकडे गेला आणि त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया झालं. रत्नागिरीला थिबा राजवाडा सगळेच बघतात, पण आपल्या भगूरचे सावरकर १९२४ ते १९३७ याच गावात स्थानबद्ध होते, त्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं पतितपावन मंदिरही बघून या.

आणि जेट्ट्या! बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सायकल बोटीत चढवायची, शेजारी मासळीची टोपली, एसटीतून उतरलेल्या मावशी, आणि “कुठून आलात?” ला “नाशिक” म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “सायकलवर??” आपल्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे ना, जवळपास दोन हजार वर्षं जुना, त्यात त्याने दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचं कोरलंय. म्हणजे किनाऱ्यावरच्या तरींचा हिशोब आपल्या नाशकाच्या डोंगरात! पांडवलेण्याच्या पायऱ्या रोज फिटनेससाठी चढणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहितीये, देव जाणे.

आता सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल होणार आहेत. तिथल्या लोकांना ते हवेतच, रात्री पेशंट घेऊन चिपळूणचा वळसा त्यांनी का मारायचा, आपल्या हौसेसाठी त्यांना अडकवून ठेवणं मला मान्य नाही. पण जोपर्यंत बोटी आहेत तोपर्यंत तरी घाई न करता जा.

हिवाळ्यातच जा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, कारण दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो तो पाठीवर येतो. उलटे गेलात तर समुद्र तुमच्या बाजूला राहील, फोटो छान येतील, पण संध्याकाळपर्यंत वाऱ्याला शिव्या घालाल.